बेतानं, पुरतं आणि पुरे

आमच्या घरमालकांनी माझ्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी 'अरे' म्हणायला सुरुवात केली आणि मला ते शेवटपर्यंत 'अहो' म्हणत राहिले. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढा हा मान! पण पुण्यात चार वर्षं काढलेल्या माणसाला विचारा. इथं 'आपण' म्हणणारा माणूस दार उघडत नसतो, आतून कडी लावत असतो. नवऱ्यासाठी ते दार सताड उघडं होतं आणि मी आपली जिन्याच्या चौथ्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी. त्या पायरीवर उभं राहून मी माझ्याच नवऱ्याचा जेवढा हेवा केला, तेवढा कुणाच्या दागिन्यांचा की कुणाच्या अमेरिकावारीचा केला नाही. सांगायला लाज वाटते, पण आता सांगूनच टाकते.

घर हडपसरला, गावठाणाच्या मागच्या अंगाला. खाली मालक आणि काकू, वर दोन खोल्यांत आम्ही. मालक मूळचे शहरातल्या पेठेतले. कारखान्यात फिटर म्हणून लागले तेव्हा हडपसरला येऊन घर बांधलं, पण जीभ पेठेतच राहिली. आम्ही दोघं अमरावतीकडचे. नवरा बीकॉम, कॅम्पातल्या एका बँकेत. खिळा ठोकायला सांगितलं तर आधी भिंतीची माफी मागेल असा माणूस. मी मेकॅनिकल इंजिनियर, आणि काम काय, तर खराडीत काचेच्या इमारतीत बसून कुठल्याशा परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. हसू नका. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तेव्हा असंच काहीबाही करत होती. कारखान्यांच्या मुलाखतीत मला सरळ सांगत, मॅडम, शॉप फ्लोअरवर मुली नकोत. काँप्युटरवाल्यांना कुणीही चालत होतं. म्हणून मी तिकडे गेले.

आणि गाडी माझी. हे ठासून सांगते, कारण पुढं ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. बाबांची जुनी मोटरसायकल. सोळाव्या वर्षी त्यांनी मला तिच्यावर शिकवलं. तिचा कार्बोरेटर उघडून मी परातीत मांडायची आणि परात बाटली म्हणून आई घर डोक्यावर घ्यायची. लग्नात जावयाला नवी गाडी द्यायची आमच्याकडे पद्धत. बाबांनी जुनी गाडी दिली, आणि ती मुलीला दिली. हँडलला गोणपाट गुंडाळून ती बडनेऱ्याहून रेल्वेनं पुण्याला आली.

मालकांनी आम्हाला पाहायच्या आधी गाडी पाहिली. भोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर बोटानं टकटक केलं.

"कागद कुणाच्या नावावर?"

"माझ्या," मी म्हटलं.

"वा. आणि शिक्षण?"

"बी. ई. मेकॅनिकल."

त्यांचा चेहरा एकदम सपाट झाला. "वा, वा. इंजिनियरबाई. मग आम्ही पामरांनी काय बोलावं," असं म्हणून ते नवऱ्याकडे वळले. "आणि तू रे? पाना कशाशी खातात, माहीत आहे का?"

"नाई बा," नवरा खरं तेच बोलला.

"उत्तम. रविवारी सकाळी सातला खाली यायचं."

झालं. तिथंच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

मालक विक्षिप्त होते म्हणजे किती, ते ऐका. कारखान्यानं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. "त्यातली इच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी," असं ते म्हणत. पण निवृत्त झाल्याचं त्यांनी स्वतःच्या अंगाला कळू दिलं नव्हतं. सकाळी सातला निळा शर्ट, निळी पँट, खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी, हातात जेवणाचा डबा. तो डबा घेऊन स्वयंपाकघरातून निघायचे आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे. अंतर बारा पावलं. डबा साडेबाराला उघडायचा, आधी नाही, नंतर नाही. काकूंनी गरम भात खायला आत बोलावलं तर म्हणायचे, "कामावर आहे." साडेतीनला शेडला कुलूप लावून घरात शिरायचे आणि दमल्यासारखे विचारायचे, "आज घरी काय विशेष?"

"बारा पावलांवर नोकरी आणि दमतात बघ कसे!" काकू मला सांगायच्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस दुपारचा घरी जेवला तो फक्त ताप आला म्हणून."

शेडच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगानं काढलेली होती आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. एखादी आकृती रिकामी दिसली की त्यांना घास उतरत नसे. हत्यार उसनं कुणालाच मिळत नसे. शेजारचे एक गृहस्थ पक्कड मागायला आले तेव्हा म्हणाले, "पक्कड देतो. तेवढा वेळ आपले चष्मा आणि दात इथं ठेवून जा." तो माणूस पुन्हा आला नाही.

नट आवळण्यासाठी त्यांचे तीन शब्द होते. 'बेतानं' म्हणजे हातानं फिरवून पान्यानं नुसता टेकवायचा. 'पुरतं' म्हणजे आता जोर लावून शेवटपर्यंत. आणि 'पुरे' म्हणजे थांब, यापुढं गेलास तर आटे जातील. नवऱ्याला पहिल्यांदा 'बेतानं' म्हणाले तेव्हा त्याला वाटलं, जेवणाचा काही बेत आहे. पण महिनाभरात तो या तीन शब्दांवर असा हलायला लागला, की घरी मी इतकी वर्षं बोलतेय ती काय भिंतीशी, असं मला वाटावं. किती जोर म्हणजे पुरतं, हे मोजायची साधनं असतात. आम्ही ती कॉलेजात हाताळली होती. हे मी एकदा पायरीवरून म्हटलंही. मालकांनी वर न बघता उत्तर दिलं, "असतात ना. मनगट म्हणतात त्याला."

आणखी त्यांचा एक नियम होता, तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एकदा माणूस हाताखाली घेतला की त्यानं आवळलेला नट ते पुन्हा तपासायचे नाहीत. कधीच नाही. "दुसऱ्यानं आवळलेल्या नटाला पाना लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं," असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात यावरून साहेबलोकांशी त्यांची भांडणं व्हायची म्हणे. साहेब कागद घेऊन यायचे, तपासणी झाली का, सही कुठंय. हे म्हणायचे, "ज्यानं आवळला त्याचं नाव विचारा, सही कसली मागता?"

रविवारी सात ते साडेबारा नवरा शेडमध्ये. वर यायचा तो हात काळे करून, डोळे लकाकत. जेवताना मला समजावून सांगायचा, रबरी बुश म्हणजे काय. मला! जिनं त्या बुशवर परीक्षेत चार पानं खरडली होती तिला! मी म्हणायची, "ठाऊक आहे." तो म्हणायचा, "पुस्तकातलं नाई सांगून राह्यलो, खरं सांगून राह्यलो." अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. नवऱ्याला कशाची तरी गोडी लागली, याचा आनंद व्हायला हवा होता. व्हायचाही, गुरुवारपर्यंत. शुक्रवारपासून मला रविवार दिसायला लागायचा.

एकदा मीही खाली गेले. शेडच्या दाराशी उभी राहून म्हटलं, "काका, मी करू का थोडं?"

"आपण कशाला हात काळे करता?" ते अगदी अदबीनं म्हणाले. "आपले हात की-बोर्डाचे. हे आमचं हलकं काम." आणि मला बसायला खुर्ची दिली. खुर्ची! नवरा खाली फरशीवर फतकल मारून बसलेला, आणि मी लग्नातल्या पाहुण्यासारखी खुर्चीवर. मला वाटलं, बाई म्हणून हा माणूस मला बाजूला ठेवतोय. कारखान्यांनी ठेवलं, हाही ठेवतोय. पाच मिनिटं बसले आणि वर निघून आले.

मग गाडीचे मागचे शॉकअप गेले. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ते स्प्रिंगचे दोन दांडके असतात ना, रस्त्याचे हादरे पोटात घेणारे, ते. नवरा मला रोज सकाळी मुंढव्यावरून खराडीला सोडायचा, आणि तो रस्ता तेव्हा असा होता की शॉकअप काय, माणसाचे मणके ढिले व्हावेत. उजव्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. मालकांनी सीटवर दोन हात ठेवून गाडी दाबली, ती खाली गेली ती वर यायचं नाव घेईना. "हा वारला," त्यांनी जाहीर केलं. "डावा जिवंत आहे, पण जोडी बदलायची."

खरेदीला नाना पेठेत जायचं ठरलं. मी म्हटलं, मी येते. गाडी माझी, शॉकअप माझ्या गाडीचे. नवरा म्हणाला, "पन गाडीवर दोघंच बसतात." आणि माझ्या गाडीवरून ते दोघं गेले. आल्यावर नवऱ्यानं हातवारे करकरून सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, एकच घ्या की, दुसरा चांगला दिसतोय. मालक म्हणाले, "आपण एका पायात नवी चप्पल घालून मंडईपर्यंत चालून दाखवा, मी एकच नेतो." मग त्यांनी सात-आठ शॉकअप एकेक करून छातीशी धरून दाबले, सोडले, कान लावून ऐकले, आणि शेवटी एक जोडी निवडली. "दोघांचा श्वास एक पाहिजे," म्हणाले. नवरा हे सांगताना असा रंगला होता की मी भांडी घासायला उठून गेले.

तो रविवार मला अजून मिनिटामिनिटानं आठवतो. गाडी मेन स्टँडवर, चाकाखाली फळी. नवऱ्यानं जुने नट सोडवले, लाकडी हातोडीनं टकटक करत जुनी जोडी उतरवली, नवी चढवली. वर एक नट, खाली एक नट, दोन्ही बाजूंचे मिळून चार. चारही आधी 'बेतानं'. मग मालकांनी गाडी स्टँडवरून खाली उतरवली. नट पुरते आवळायचे ते गाडीवर माणूस बसलेला असताना, म्हणजे स्प्रिंग बसते, शॉकअपच्या टोकातलं रबर, ते बुश, पिळत नाही. हे अगदी बरोबर होतं. माझ्या पुस्तकात याला दीड पान दिलेलं होतं आणि हा माणूस ते एका वाक्यात सांगत होता, याचाही मला राग आला.

मालकांनी जिन्याकडे पाहिलं. "इंजिनियरबाई, आपण जरा गाडीवर बसता का? वजन हवंय."

बघा आता. माझी गाडी, माझं शिक्षण, आणि माझा उपयोग काय, तर वजन. "मी पोतं नाही," मी म्हटलं.

"तसं मी म्हटलेलं नाही. पोतं बोलत नाही," ते म्हणाले आणि स्वतःच गाडीवर चढून बसले. पाय जमिनीला टेकवले, तोंड समोर. म्हणजे मागं खाली काय चाललंय हे त्यांना दिसायची सोय नव्हती. पण त्यांना दिसायची गरजही नव्हती. नट कुरकुरतो त्या आवाजावरून ते सांगायचे. "पुरतं... पुरतं... पुरे." उजवा वरचा झाला. उजवा खालचा झाला. डावा वरचा झाला. नवरा घामानं निथळत होता आणि खूश होता.

तेवढ्यात काकूंनी मला हाक मारली. पोहे झाले होते. "अगं, यांना तिथंच दे बाई, काम सोडून काही येणार नाहीत," म्हणाल्या. मालकांनी गाडीवर बसल्या बसल्या बशी घेतली आणि खाऊ लागले. नवरा डाव्या खालच्या नटाशी उकिडवा. "पुरतं," मालक घास चावत म्हणाले. नवऱ्यानं पाना लावला. मी पातेलं घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला उभी. बशी रिकामी दिसली म्हणून मी वाढायला डाव उचलला.

"पुरे, पुरे!" मालक बशीवर हात आडवा धरून म्हणाले.

नवऱ्यानं पाना काढला.

एवढंच झालं. तो शब्द पोह्यांना होता, त्याला वाटलं नटाला. सकाळपासून त्याच शब्दावर थांबत होता, तसाच थांबला. मी वाकलेली होते, नट माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होता. त्याच्या खालचा स्प्रिंगचा वॉशर, नट पुरता बसला की चपटा होतो तो, अजून दबलेला नव्हता, त्याची फट स्पष्ट दिसत होती. नट नुसता बेतानं बसलेला होता.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात नवरा कपड्याला हात पुसत उठला आणि मला म्हणाला, "पाह्यलं? चारही म्याच आवळले!"

आणि मी तोंड मिटलं.

मला काय हवं होतं, तेही सांगते. कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात आलं नव्हतं. मालक ट्रायल घेतात ती कालव्यापर्यंत, जाऊन येऊन दोन मिनिटं. गाडी खडखडेल, ते परत येतील, नट पाहतील, आणि एकदा, एकदाच, माझ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर झापतील. मग मी पायरीवरून म्हणेन, वॉशर दबला नव्हता, मला दिसलं होतं. एवढंच मला हवं होतं. मालकांनी बशी माझ्या हातात दिली, किक मारली आणि ते निघाले. हाक मारायला मला निदान दहा सेकंद मिळाली होती, फाटक उघडायला नवरा पुढं गेला तेवढी. पातेलं हातात घेऊन मी उभी राहिले.

ते कालव्याशी वळलेच नाहीत. गाडी इतकी सुरेख चालायला लागली होती की ते पुढं गेले, मुंढव्याच्या पुलापर्यंत. येताना नट उडाला. शॉकअप ज्या खिळीवर बसतो तिच्यावरून निसटून चाकात गेला. तासाभरानं ते रिक्षातून आले, उजवा हात कुणाच्या तरी पंचात बांधलेला, निळा शर्ट खांद्यापासून फाटलेला. काकूंचा चेहरा पांढरा पडला. नवरा फाटकाकडे धावला.

"खड्डा होता," मालक म्हणाले. "बाकी काही नाही. गाडी टेंपोतून येतेय."

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. उजवं.

नवरा त्यानंतर खाली जाईना. टेंपोतून उतरवलेल्या गाडीला नट नव्हता, हे त्यानं पाहिलं होतं. जेवायचा नाही, बोलायचा नाही, रविवारी सातला उठून खिडकीशी बसायचा. "माझ्यानंच झालं," एवढंच म्हणायचा. आणि मी समोर बसून त्याला सांगत होते, "खड्डा होता, काकांनीच सांगितलं ना." अशी मी! कधी नव्हे ते त्याचा हेवा वाटत नव्हता, पण त्याच्या डोळ्यांकडे बघवतही नव्हतं. दोन आठवडे असे गेले. मग एका सोमवारी मी ऑफिसातून आले तर आमचे नवरोजी अंगणात बसून शेडचं दार रंगवत होते, शीळ घालत. मला वाटलं, चला, याची कातडी जाड आहे ते बरंच झालं.

माझी कातडी काही तितकी जाड नव्हती. त्याच आठवड्यात मी सुट्टी काढली आणि साडेबाराला शेडमध्ये गेले. मालक डाव्या हातानं डबा खात होते. पोळीचा तुकडा धड मोडत नव्हता. मी पुढं होऊन मोडून दिला. त्यांनी मोडू दिला.

"आपण पाहिलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"काय दिसलं होतं?"

"वॉशर दबला नव्हता."

"हं. नजर आहे." त्यांनी पुढचा घास घेतला. "मग बोलला का नाहीत?"

खोटं सुचत होतं, पण बोलवेना. "मला हेवा वाटत होता," मी म्हटलं. "त्याचा. त्याला तुम्ही अरे म्हणता, जवळ बसवता. मला खुर्ची देता. मी बाई आहे म्हणून."

ते हसले नाहीत. "बाई?" म्हणाले. "बाईचा काय संबंध? अहो, बत्तीस वर्षं मी फिटर होतो. नवीन इंजिनियर पोरं यायची, त्यांना मायक्रोमीटर धरायला मी शिकवायचो, आणि दोन वर्षांत ती माझे साहेब व्हायची. मला ती पदवी हवी होती. रात्रशाळेचा फॉर्म दोनदा भरला, दोनदा शिफ्ट आडवी आली. आणि आपण ती पदवी घेतलीत, आणि घेऊन काय केलंत? तर काचेच्या खोलीत जाऊन बसलात. आपण समोर आलात की माझं डोकं फिरतं. आता कळलं, अहो का म्हणतो ते? आपल्याला अगं-तुगं म्हणणं या जन्मी माझ्या जिभेला जमायचं नाही."

इतकी वर्षं मी जिन्यावरून खाली बघून कुढत होते आणि हा माणूस खालून वर बघून कुढत होता.

त्यांनी डबा बंद केला. "पाना घ्या," म्हणाले. "तेरा नंबरचा. गाडी तशीच पडली आहे."

त्या दिवशी मी शॉकअप बसवले. वाकलेली खीळ नवऱ्यानं आधीच बदलून आणली होती. चार नट, आधी बेतानं. मग मालक गाडीवर बसले, प्लास्टरचा हात पोटाशी धरून. मी पाना ओढला. मनगटात काहीतरी येऊन टेकलं आणि मला कळलं, इथंच. मी थांबले. ते काही बोलले नव्हते. तो 'पुरे' शब्द त्यांनी त्या दिवसापासून सोडूनच दिला होता. जेवतानाही नको असलं की नुसता हात आडवा धरायचे, आणि काकू म्हणायच्या, बोलायला काय होतं या माणसाला?

"कुणाला सांगू नका," मी निघताना म्हटलं.

"काय?" त्यांनी विचारलं. एवढ्यावर तो विषय संपला.

मनगट जुळलं ते वाकडंच. त्या हातात पाना पुन्हा नीट धरला गेला नाही. त्यांना आता दुसरे हात लागत होते, आणि ते हात कुणाचे होते? नवऱ्याचे. रविवार होताच, आता रोज संध्याकाळही गेली. माझ्या गप्प बसण्याचा फायदा झाला तोही त्यालाच! मला मालक अधूनमधून काहीतरी अवघड असलं की बोलवायचे. "इंजिनियरबाई, आपली नजर जरा द्या," म्हणायचे. मी जायची, सांगायची, वर यायची. पण आता जिना चढताना मला तितकं रितं वाटत नसे. नवऱ्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांच्या नि माझ्यात होती. वाईट होती, लाजिरवाणी होती, पण आमच्या दोघांची होती. सहा वर्षं मी ती जपली.

आम्ही खराडीला फ्लॅट घेतला, आणि वर्षभरात मालक गेले. दुपारी साडेबाराला, शेडमध्ये, डबा उघडायच्या आत. दहाव्याला काकूंनी नवऱ्याच्या हातात शेडची किल्ली ठेवली. म्हणाल्या, "त्यांनी सांगून ठेवलं होतं." नवरा सगळ्यांसमोर हमसाहमशी रडला. मी काकूंच्या शेजारी बसून होते, डोळे कोरडे.

घरी आल्यावर मला राहवेना. म्हटलं, आता तरी सांगावं, नाहीतर हा माणूस जन्मभर तो नट उरावर घेऊन बसेल. मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पोहे, पुरे, वॉशर, माझं मिटलेलं तोंड.

"मले मालूम हाये," तो म्हणाला.

"काय मालूम आहे?"

"हेच. काकांनीच सांगतलं ना. मी खाली जात नव्हतो तेव्हा जिना चढून वर आले होते, पलास्टर घेऊन. तू ऑफिसात होती. म्हने, नट तुझा नाही, शब्द माझा होता, पोह्यांना म्हटलेला तुला लागला. आणि म्हने, तिनं पाह्यलं होतं, तिला बोलता आलं नाही. नटावर खिळली होती तिची नजर, मला गाडीवरून दिसली."

"म्हणजे मी त्यांना सांगायच्या आधीच?"

"हो. म्हने, ती सांगेल तेव्हा तिच्यावर रागावू नको. नाही सांगितलं तर विचारू नको."

"आणि तू सहा वर्षं काहून नाही बोललास?"

"काकांनी सांगतलं होतं," तो म्हणाला, जसं काही याच्यावर दुसरं उत्तरच नसतं. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे आता."

चांगल्या बाईला अशा वेळी सुटल्यासारखं वाटलं असतं. नवऱ्यानं माफ केलं, मालकांनी तर कधीच केलं होतं. मला काय वाटलं? मला वाटलं, एवढी एकच गोष्ट होती जी फक्त त्यांची आणि माझी होती, आणि तीसुद्धा त्यांनी माझ्या आधी याला देऊन टाकली होती.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. पोळ्या व्हायच्या होत्या. तवा तापला, पहिली पोळी टाकली, आणि तिच्याकडे बघत उभी राहिले.

"काही जळून राह्यलं का?" त्यानं बाहेरून विचारलं.

"हो," मी म्हटलं.